ठशाचे मोल

दिवाळीच्या दिवसांत, विशेषतः धनत्रयोदशीला, छत्रपती संभाजीनगरच्या सराफ्यात मोठी गर्दी लोटते. पूर्वी औरंगाबाद ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या शहरात सोन्याचांदीचा व्यापार शेकडो वर्षांपासून चालत आला आहे. सणासाठी आलेली गिऱ्हाइके लक्ष्मीपूजनाकरिता चांदीचे एखादे नाणे विकत घेतात. त्याच्या एका बाजूस कमळातील लक्ष्मी असते, दुसऱ्या बाजूस ‘श्री’ किंवा स्वस्तिक असते आणि चांदीची शुद्धता आकड्यांत दिलेली असते. पुष्कळ घरांत त्याच्या शेजारीच आजी-पणजीच्या पेटीतून निघालेला, राणीचे किंवा राजाचे मुख असलेला कलदार रुपयाही पूजेला मांडतात. दोन्ही वाटोळी, दोन्ही चांदीची, दोन्ही ताम्हनात टाकली असता सारखीच खणखणणारी. परंतु काटेकोर बोलावयाचे तर ह्या दोहोंपैकी एकच वस्तू नाणे म्हणून जन्मास आली. दुसरी केवळ चांदीची एक देखणी चकती होय.

हा भेद कशामुळे पडतो? चांदीच्या शुद्धतेमुळे नव्हे. लक्ष्मीच्या चकतीतील चांदी कलदार रुपयातील चांदीपेक्षा अनेकदा अधिक शुद्ध असते. भेद पडतो तो ठशामुळे. कलदार रुपया पाडला गेला तेव्हा त्यावर त्या वेळच्या सरकारचा ठसा होता आणि ‘एक रुपया’ असे त्याचे मूल्य लिहिलेले होते. तो कोणी कोणास दिला, तर घेणाऱ्यास तो नाकारता येत नसे. सराफाच्या चकतीमागे असे कोणतेही राज्य उभे नसते. तिचे मोल तिच्या वजनाइतके, अधिक कारागिराची मजुरी.

आता जगात अशीही नाणी आहेत, की ज्यांवर राज्याचा ठसा आहे, मूल्यही लिहिलेले आहे, आणि तरीही ती बाजारात कधी फिरत नाहीत. एखाद्या थोर पुरुषाची जयंती, एखादा राष्ट्रीय उत्सव, एखादी संस्मरणीय घटना ह्यांच्या निमित्ताने ती पाडली जातात व संग्राहक ती डबीत जपून ठेवतात. त्यांना स्मारक नाणी म्हणतात. त्यांतील फार मोठा भाग पॅसिफिक महासागरातील चिमुकल्या बेटांच्या नावाने निघतो. नकाशात शोधूनही चटकन न सापडणारी ही बेटे एवढी चांदीची नाणी का काढतात, हे कोडे प्रथमदर्शनी मोठे चमत्कारिक वाटते. तथापि ते उलगडण्यासाठी आधी दूर जाण्याचे कारण नाही. चांदी आणि ठसा ह्यांच्या नात्याचा इतिहास छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या भूमीतच पाहावयास मिळतो.

गोदावरीच्या काठी वसलेले पैठण हे प्राचीन प्रतिष्ठान होय. सातवाहन राजांची ही राजधानी. सातवाहनांची बहुसंख्य नाणी शिशाची, तांब्याची व पोटीन नावाच्या मिश्र धातूची आहेत. त्यांवर हत्ती, सिंह, डोंगर, वृक्ष, जहाज अशी चित्रे आढळतात. चांदीची नाणी त्या मानाने थोडी. परंतु ह्या थोड्या नाण्यांवर राजाचे मुख कोरलेले आहे. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी, यज्ञश्री सातकर्णी ह्यांच्या अशा मुखांकित नाण्यांत राजाचे नाक, केसांचे वळण, कानांतील भूषणे स्पष्ट दिसतात. नाण्याचे वजन अवघे दोन ग्रॅमच्या आसपास. आकार करंगळीच्या नखाहून फारसा मोठा नाही. एवढ्याशा जागेत मुखाभोवती प्राकृत भाषेत राजाचे नाव आहे आणि पाठीमागच्या बाजूस तेच नाव द्राविडी वळणाच्या भाषेत आहे. उत्तरेच्या व दक्षिणेच्या अशा दोन्ही प्रजाजनांना राजा कोण हे कळावे, अशी ही योजना दिसते. ज्या काळी छापखाने नव्हते, त्या काळी राजाचा चेहरा दूरच्या खेड्यापर्यंत पोहोचविणारे साधन नाण्यावाचून दुसरे कोणते असणार?

ठशाचे सामर्थ्य ह्याहूनही ठळकपणे दाखविणारा एक ठेवा नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी ह्या गावी १९०६ साली सापडला. त्यात चांदीची १३,००० हून अधिक नाणी होती. ती सारी मुळात नहपान नावाच्या क्षत्रप राजाची. त्यांवर नहपानाचे मुख आणि ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिप्यांतील अक्षरे. परंतु त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारविलेला होता. एका बाजूस डोंगराचे चिन्ह व गौतमीपुत्राचे नाव, तर दुसऱ्या बाजूस चार वर्तुळांनी जोडलेले उज्जयिनी-चिन्ह. काही नाण्यांवर नव्या ठशाच्या खालून नहपानाचे नाक अजून डोकावते, तर काहींवर ग्रीक अक्षरांच्या मधूनच सातवाहनांचा डोंगर उभा राहिलेला दिसतो. चांदी तीच, वजन तेच. फक्त राजा बदलला. नहपानाच्या क्षहरात घराण्याचे गौतमीपुत्राने निर्मूलन केले, असे त्याची माता गौतमी बलश्री हिने नाशिकजवळच्या लेण्यातील शिलालेखात नमूद करविले आहे. तो लेख डोंगरात राहिला. विजयाची वार्ता मात्र नाण्यांच्या रूपाने हातोहाती फिरली. स्मारक नाणे हा शब्द त्या काळी कोणास ठाऊक नव्हता, पण ह्या नाण्यांना तो खचित शोभला असता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जोगलटेंभीचा ठेवा जसा सापडला तसाच मुशीत गेला असता, तर त्यातून काही किलो चांदी तेवढी निघाली असती आणि एका मोठ्या युद्धाचा पुरावा कायमचा नाहीसा झाला असता. नांगरताना किंवा पाया खणताना सापडलेली किती नाणी अशी वितळून गेली असतील, ह्याची गणती नाही. भूमिगत निधीसंबंधीचा भारतीय कायदा १८७८ पासून अमलात आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे त्या कायद्याने बंधनकारक आहे. दहा रुपयांची ती मर्यादा आज हास्यास्पद वाटते खरी, पण तिच्यामुळेच मातीचे लहानसे मडकेही कायद्याच्या कक्षेत येते.

सातवाहनांनंतर सुमारे अकराशे वर्षांनी ह्याच जिल्ह्यात एक विलक्षण प्रयोग झाला. दिल्लीचा सुलतान मुहम्मद बिन तुघलक ह्याने १३२७ च्या सुमारास यादवांच्या देवगिरीस दौलताबाद असे नाव देऊन तेथे राजधानी आणली, हे सर्वश्रुत आहे. त्या काळी चांदीचा टंका हे मोठ्या व्यवहाराचे नाणे होते. सुलतानाने १३२९-३० च्या सुमारास असा हुकूम काढला, की इतःपर पितळेचे व तांब्याचे टंके चांदीच्या टंक्याच्या भावाने चालावेत. ह्या पितळी टंक्यांवर दौलताबादेच्या टांकसाळीचे नाव आढळते. जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो ईश्वराचीच आज्ञा पाळतो, अशा आशयाचा मजकूरही त्यांवर आहे. नाण्यात जी चांदी नव्हती, तिची जागा जणू ह्या आज्ञेने भरून काढावयाची होती.

सुलतानास ही कल्पना निव्वळ लहरीतून सुचली, असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करण्यासारखे आहे. चीनमध्ये कुबलाईखानाने १२६० पासून कागदी चलन चालविले होते आणि त्याची कीर्ती दूरवर पसरली होती. इराणात मात्र १२९४ मध्ये तसाच प्रयत्न झाला व तो थोड्याच दिवसांत फसला. दोन्ही उदाहरणे तुघलकाच्या जन्मकाळाच्या आगेमागेचीच होती. धातू हलका असला तरी राज्याचा शब्द भारी असेल, तर नाणे चालते, हे तत्त्व खोटे नव्हते. चूक तत्त्वात नव्हती. चूक टांकसाळीत होती.

त्या काळी नाणे हाताने पाडीत. पोलादी ठसा एका ओंडक्यात घट्ट बसवावयाचा, त्यावर धातूची तापविलेली चकती ठेवावयाची, वर दुसरा ठसा धरावयाचा आणि हातोड्याचा एक जोरकस घाव घालावयाचा. ठसे कोरणारे कारागीर अनेक. प्रत्येकाचा हात निराळा. त्यामुळे सरकारी टांकसाळीतील दोन नाणीसुद्धा हुबेहूब सारखी निघत नसत. मग खोटे नाणे ओळखावयाचे कशावरून? चांदीच्या नाण्याचे खरेपण सराफ वजनाने, आवाजाने व कसोटीने पारखीत असे. पितळी टंक्याच्या बाबतीत ह्यांपैकी एकही परीक्षा लागू पडेना. कारण खऱ्यातही पितळ आणि खोट्यातही पितळ! भांडी घडविणारा कोणताही कुशल कारागीर असा टंका पाडू शकत होता. झियाउद्दीन बरनी ह्या समकालीन इतिहासकाराने लिहून ठेवले आहे, की घरोघरी जणू टांकसाळी निघाल्या. लोकांनी चांदी दडवून ठेवली आणि सरकारचा सारा पितळेत भरला. दूरदेशीचे व्यापारी असे टंके घेईनात. अखेर दोन-तीन वर्षांतच सुलतानाने हुकूम मागे घेतला. पितळी टंके आणून देणाऱ्यास त्याने खजिन्यातून चांदी मोजून दिली. त्यांत खरे किती व खोटे किती हे निवडणे शक्यच नव्हते. दिल्लीजवळ तुघलकाबादेत ह्या परत आलेल्या नाण्यांचे डोंगराएवढे ढीग पडले होते, असे बरनी सांगतो. सुलतानाने आपला शब्द पाळला, ही गोष्ट त्याच्या वेडेपणाच्या कथा सांगणारे बहुधा विसरतात.

दौलताबादेच्या ह्या अनुभवानंतर चांदीच्या नाण्याची प्रतिष्ठा वाढली असल्यास नवल नाही. शेरशहाने सोळाव्या शतकात रुपया सुरू केला व मोगलांनी तो देशभर रूढ केला. मलिक अंबराने १६१० मध्ये वसविलेल्या खडकी गावास औरंगजेबाने आपले नाव दिल्यानंतर येथील टांकसाळीत सुमारे साडेअकरा ग्रॅम वजनाचे, जवळजवळ शुद्ध चांदीचे रुपये पडू लागले. औरंगजेबाच्या नाण्यांवरील फारसी मजकुरात एक मोठी मौजेची योजना आहे. त्याचा सोन्याचा शिक्का सूर्यासारखा तेजस्वी आहे असे सोन्याच्या मोहोरेवर म्हटले आहे, तर चांदीच्या रुपयावर त्याच जागी पूर्णचंद्र आला आहे. पुढे अठराव्या शतकात ह्या टांकसाळीच्या नाण्यांवर शहराचे ‘खुजिस्ता बुनियाद’, म्हणजे शुभ पायावर उभे असलेले, असे नाव येऊ लागले. मात्र ठसा मोठा व चकती लहान असल्यामुळे मजकुराचा बराचसा भाग चकतीबाहेरच राही. म्हणून अशा पुष्कळ रुपयांवर गावाचे अर्धेच नाव सापडते आणि अभ्यासकास उरलेल्या अक्षरांच्या शेपट्यांवरून टांकसाळ ओळखावी लागते.

मोगलांच्या ह्याच परंपरेत स्मारक नाण्याचा एक खराखुरा पूर्वज सापडतो. त्याचे नाव निसार. ह्या शब्दाचा अर्थ उधळणे, ओवाळून टाकणे. राज्यारोहण, विवाह, बादशहाचा नगरप्रवेश अशा प्रसंगी गर्दीवर उधळण्यासाठी चांदीची छोटी, पातळ नाणी मुद्दाम पाडीत. जहांगीर व शहाजहान ह्यांचे असे निसार संग्रहालयांत पाहावयास मिळतात. ज्यांच्या हाती ते लागले, त्यांपैकी कित्येकांनी ते बाजारात मोडून खाल्ले असतील; थोड्यांनी मात्र त्या दिवसाची आठवण म्हणून जपले असतील.

नेहमीच्या व्यवहारात तर सराफावाचून कोणाचे चालत नसे. जुन्या, झिजलेल्या किंवा परक्या राज्याच्या रुपयास तो पूर्ण भाव देत नसे. काही कसर कापून घेई. ह्या कसरीस बट्टा म्हणत. माणसाच्या ‘नावाला बट्टा लागला’ असे आज आपण म्हणतो, तेव्हा आपण नकळत जुन्या सराफाचीच भाषा बोलत असतो. निजामाच्या राजवटीत, म्हणजे १९४८ पर्यंत, औरंगाबादच्या बाजारात हाली सिक्का हा हैदराबाद संस्थानचा रुपया चाले. तो ब्रिटिश हिंदुस्थानातील कलदार रुपयाहून हलका असल्यामुळे १०० कलदार रुपयांना सुमारे ११७ हाली रुपये मोजावे लागत. मुंबईस जाणाऱ्या प्रवाशास वाटेतच हा हिशेब करावा लागे!

कलदार म्हणजे कळीने, म्हणजे यंत्राने, पाडलेला. मुंबईच्या किल्ला भागातील टांकसाळ १८२९ मध्ये उभी राहिली व तेथे वाफेच्या यंत्रांनी नाणी पडू लागली. यंत्राने प्रत्येक नाणे हुबेहूब सारखे निघू लागले, कडेला बारीक दाते आले, आणि खोटे नाणे पाडणे वा नाण्याची कड कातरून चांदी काढणे दोन्ही कठीण झाले. कलदार रुपया बरोबर एक तोळा वजनाचा होता व त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी होती. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई पडताच १९४० मध्ये हे प्रमाण निम्म्यावर आले आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. त्यात चांदी मुळीच उरली नाही. तरीही लोकांनी तो बिनतक्रार स्वीकारला. दौलताबादेत जे फसले, ते सहा शतकांनंतर सहज साधले. कारण आता ठसा यंत्राचा होता, नक्कल करणे अवघड होते आणि किती नाणी पाडावयाची ह्यावर सरकारचा ताबा होता. व्यवहारासाठी चांदीची गरज संपली. ती राहिली फक्त सन्मानापुरती.

स्वतंत्र भारताची पहिली स्मारक नाणी १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या निधनानंतर निघाली. ती निकेलची होती. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वेळी, १९६९ मध्ये, इतर नाण्यांबरोबर दहा रुपयांचे एक चांदीचे नाणे काढण्यात आले. त्याचे वजन १५ ग्रॅम व त्यात शेकडा ८० चांदी, म्हणजे १२ ग्रॅम. आज तेवढ्याच चांदीची किंमत दहा रुपयांच्या शंभर पटींहून अधिक भरते. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९७२ मध्ये निघालेले दहा रुपयांचे नाणे वजनाने भारी, साडेबावीस ग्रॅमचे, परंतु त्यात चांदी निम्मीच. पुढे १०० रुपयांची नाणी आली. अलीकडच्या अशा अनेक नाण्यांचे वजन ३५ ग्रॅम असून त्यांत ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे आणि निकेल व जस्त प्रत्येकी ५ टक्के असे मिश्रण असते. ही नाणी बँकेत मिळत नाहीत. सरकारी टांकसाळीकडे मागणी नोंदवावी लागते आणि दर्शनी किमतीच्या कितीतरी पट रक्कम भरावी लागते. शंभर रुपयांचे नाणे कोणी भाजीवाल्यास दिल्याचे ऐकिवात नाही.

सर्वच स्मारक नाणी मात्र अशी दुर्मीळ नसतात. संत ज्ञानेश्वरांचे चित्र असलेले एक रुपयाचे पोलादी नाणे व छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्र असलेले दोन रुपयांचे नाणे १९९९ मध्ये निघाले आणि दोन्ही बाजारात फिरली. ज्ञानेश्वरांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाणारे आपेगाव पैठण तालुक्यातच आहे. तेथील एखाद्या दुकानदाराच्या गल्ल्यात हे नाणे इतर सुट्या पैशांत मिसळून पडलेले असणे अगदीच संभवनीय आहे.

संग्राहकांसाठी पाडावयाच्या नाण्यांची कृती नेहमीच्या नाण्यांहून वेगळी असते. चांदीचा रस ओतून पट्ट्या तयार करतात, त्या रुळांखालून नेमक्या जाडीच्या करतात व त्यांतून चकत्या कापतात. पुन्हा पुन्हा दाबली गेलेली चांदी कडक होते. म्हणून चकत्या भट्टीत तापवून नरम करतात आणि धुऊन उजळतात. ठशाचा सपाट भाग आरशासारखा घासून लखलखीत करतात, तर चेहरा, अक्षरे इत्यादी उठावाचा भाग मुद्दाम दुधी ठेवतात. नेहमीच्या नाण्यावर यंत्राचा दाब क्षणार्धात एकदाच पडतो. ह्या नाण्यावर तो सावकाश आणि एकाहून अधिक वेळा देतात. त्यामुळे काळ्याभोर तळ्यात चंद्रबिंब पडावे तसे चित्र उठून दिसते. नाण्यास बोटाचा स्पर्श होऊ नये म्हणून कारागीर हातमोजे घालतो आणि नाणे लगेच पारदर्शक डबीत बंद करतो. नाण्यावरील सालाखालचे बारीक चिन्हही पाहण्यासारखे असते. मुंबईच्या टांकसाळीची खूण चौकट, हैदराबादची तारा, नोएडाची ठिपका; कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते.

एवढी माहिती झाल्यावर आता पॅसिफिक महासागरातील बेटांकडे वळता येईल. नीऊए हे प्रवाळाच्या खडकाचे एक उंचवट्याचे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस किलोमीटर, म्हणजे मराठवाड्यातील एखाद्या तालुक्याहूनही लहान. लोकसंख्या सतराशेच्या आसपास, म्हणजे एखाद्या मध्यम खेड्याएवढी. तुवालूची नऊ बेटे मिळून अवघी २६ चौरस किलोमीटर जमीन भरते आणि तिचा उंचातील उंच भागही समुद्रसपाटीपासून पाच मीटरपर्यंत पोहोचत नाही. पिटकेर्न बेटावर तर पन्नासच्या जवळपासच माणसे राहतात. एखाद्या शाळेच्या एका वर्गात ती सारी मावतील. ह्या बेटांवर टांकसाळ नाही, चांदीची खाण नाही. नीऊएचे रहिवासी दुकानात न्यूझीलंडचे डॉलर वापरतात, तुवालूत ऑस्ट्रेलियाचे डॉलर चालतात आणि पलाऊ बेटांत अमेरिकेचे.

असे असूनही नीऊए, तुवालू, पलाऊ, कुक बेटे ह्यांच्या नावाने दरवर्षी चांदीची कितीतरी निरनिराळी नाणी निघतात. त्यांची रीत अशी : ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील टांकसाळ किंवा न्यूझीलंड, जर्मनी, पोलंड येथील एखादी टांकसाळ वा व्यापारी संस्था नाण्याची कल्पना व चित्र तयार करते. बेटाचे सरकार त्यास मान्यता देते आणि आपले नाव व मूल्य त्यावर घालू देते. ह्याबद्दल सरकारला ठरावीक मोबदला मिळतो. नाणी हजारो मैलांवर पाडली जातात व तेथूनच जगभरच्या संग्राहकांकडे रवाना होतात. ज्या बेटाचे नाव त्यांवर आहे, तेथील मुलांना ती कदाचित कधी दिसतही नसतील.

चित्रे कसली असतात? नीऊएने २०११ मध्ये ‘स्टार वॉर्स’ ह्या अमेरिकी चित्रपटांतील पात्रांची नाणी काढली. एका बाजूस इंग्लंडची राणी आणि दुसऱ्या बाजूस अंतराळातील योद्धा! पलाऊने २००७ मध्ये फ्रान्समधील लूर्द ह्या तीर्थक्षेत्राचे पाणी बसविलेले चांदीचे नाणे काढले. अशा नाण्यांत पुष्कळदा एक औंस, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम, चांदी असते आणि त्यावर मूल्य मात्र एक किंवा दोन डॉलर लिहिलेले असते. त्या मूल्याने ते खर्च करणे म्हणजे चांदी फेकून देणेच होय. तरीही ते मूल्य लिहिणे अवश्य असते. ते नसेल तर नाणे आणि लक्ष्मीची चकती ह्यांत फरक उरणार नाही. विकले जाते ते हेच : चांदी व्यापाऱ्याची, कारागिरी टांकसाळीची आणि ठसा बेटाचा.

आपल्या सार्वभौमत्वाचा असा बाजार मांडणे शोभते का, असा प्रश्न काही जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण ह्या बेटांची स्थितीही पाहिली पाहिजे. खडकाळ जमीन, थोडे नारळ, थोडी मासेमारी, बाजारपेठा दूर आणि दरसाल तरुणांचे परदेशगमन. डाकतिकिटे काढून ती संग्राहकांना विकण्याचा मार्ग अशा बेटांनी पूर्वीपासून चोखाळला आहे. नाणी ही त्याचीच पुढची पायरी. त्यात फसवणूक नाही, कारण सांगितलेली चांदी नाण्यात असते आणि ठसाही खरा असतो. धोका आहे तो घेणाऱ्याच्या समजुतीत. नाण्याबरोबर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर ‘मर्यादित संख्या’ असे छापलेले असते, व ते खरेही असते. परंतु ती मर्यादा एका चित्रापुरती असते. पुढच्या महिन्यात दुसरे चित्र येते, त्यापुढे तिसरे. म्हणून नवे असताना चांदीच्या भावाच्या दुप्पट-तिप्पट किमतीस घेतलेले असे नाणे विकावयास काढल्यावर पुष्कळदा केवळ चांदीचाच भाव मिळतो. ज्यास त्या नाण्याचे चित्र आवडले त्याचे ह्यात काही जात नाही. ज्याने ते नफ्यासाठी घेतले त्याची मात्र निराशा होते.

जुन्या नाण्यांच्या बाबतीत संग्राहकांची आणखी एक चूक वारंवार दिसते. चांदीवर कालांतराने हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे काळसर झाक येते. उत्साहाच्या भरात नाणे चिंच, राख किंवा दंतमंजन लावून घासले, की ते क्षणभर चमकते. पण त्याबरोबर अक्षरांच्या कडा आणि चेहऱ्यावरील बारीक रेषा झिजून जातात. जाणकार अशा घासलेल्या नाण्यास फार कमी किंमत देतात. नाणे दोन बोटांनी कडेवर धरावे व कोरड्या जागी ठेवावे, ह्याहून अधिक सेवा त्यास लागत नाही. पैठणच्या संग्रहालयात किंवा नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणकशास्त्राच्या संस्थेत गेल्यास काचेमागची काळवंडलेली नाणी तशीच ठेवलेली दिसतात, ती आळसाने नव्हे.

ठशाची आणि चांदीची ही ओढाताण केव्हा केव्हा फार तीव्र होते. १९७९ च्या प्रारंभी जागतिक बाजारात एक औंस चांदीचा भाव सुमारे सहा डॉलर होता. जानेवारी १९८० मध्ये तो पन्नास डॉलरच्या जवळ पोहोचला. तेव्हा अनेक देशांत लोकांनी कपाटांतील चांदीची नाणी, जुने रुपये-डॉलर व स्मारक नाणी सरसहा काढून मुशीत टाकली. राजे, राण्या, जहाजे, पक्षी, सारे वितळून एकाच रंगाच्या विटा झाल्या. थोड्याच आठवड्यांत भाव कोसळला. त्या लाटेतून जी नाणी वाचली, ती बहुधा कोणीतरी कपाटाच्या मागच्या कप्प्यात ठेवून विसरून गेल्यामुळेच वाचली. त्यांतील काहींना आज संग्राहक चांदीच्या भावाहून पुष्कळ अधिक रक्कम मोजतात.